पन्हळीची निवड

आजच्या भाषणाचा विषय ऐकून आपणांपैकीं कांहींना हंसूं आलें असेल. ज्या नभोवाणीवरून गायन ऐकावें, विद्वानांचे विचार ऐकावे, तेथून एका निवृत्त शाळामास्तरानें घराच्या पन्हळीविषयीं पाऊण घटका बोलत राहावें, हा प्रकार थोडा विचित्र खराच. परंतु कोंकणांतील पाऊस ज्यांच्या कौलांवर पडतो त्यांना ही गोष्ट हंसण्यावारी नेण्यासारखी नाहीं, हें ठाऊक आहे. चोर घरांत शिरला तर एका रात्रींत निघून जातो. पाणी एकदां भिंतींत शिरलें म्हणजे चार महिने मुक्काम करतें, आणि जातांना भिंतीचें बळ बरोबर घेऊन जातें.

प्रथम पन्हळीचें काम काय तें पाहूं. छप्पर पाणी अडवितें, परंतु अडविलेलें पाणी कांहीं नाहींसें होत नाहीं. साऱ्या पाख्यावर पसरून पडलेला पाऊस उतरत उतरत वळचणीशीं येतो आणि तेथून पागोळ्यांच्या रूपानें एका ओळींत खालीं पडतो. म्हणजे पंधरा फूट रुंदीच्या जागेवर पडावयाचें पाणी वीतभर रुंदीच्या पट्टींत पडूं लागतें. ती पट्टी उकरली जाते. चिखलाचे शिंतोडे जोत्यावर उडतात. चिऱ्यांच्या सांध्यांतील माती धुपते. आणि ओल खालून भिंतींत चढते. हें पाणी वरच्यावर झेलून, घराला त्रास न देतां, योग्य जागीं नेऊन सोडणें एवढेंच पन्हळीचें काम. शब्द थोडे आहेत, पण त्यांत तीन अटी आहेत: झेलणें, नेणें आणि सोडणें. पन्हळ विकत घेतांना बहुतेक लोक पहिल्या अटीचाच विचार करतात. कित्येक तर तोही करीत नाहींत, केवळ रंग पाहतात. मीही त्यांतलाच एक होतों, आणि माझी ती चूक सांगण्यासाठींच आज आपणांसमोर आलों आहें.

आमचें घर रत्नागिरी जिल्ह्यांतील एका खेड्यांत आहे, आणि तें वडिलांच्या वेळचें आहे. जोतें चिऱ्याचें, भिंती मातीच्या, वर मंगळुरी कौलें. वडिलांच्या काळीं मागील वळचणीला पोफळीच्या पन्हळी असत. पोफळीचें खोड उभें चिरून आंतील भुसभुशीत गाभा काढला कीं एका खोडाच्या दोन पन्हळी होतात. वडील दर मे महिन्यांत त्या उतरवीत, ठोकून पाहत आणि कुजली असेल ती बदलीत. मी नोकरींतून निवृत्त झालों तेव्हां हातीं आलेल्या रकमेंतून घराची डागडुजी केली, आणि पोफळीची पन्हळ ही दारिद्र्याची खूण वाटून ती काढून टाकली. तालुक्याच्या गांवीं एका दुकानांत गेलों. तेथें चार इंच रुंदीची, हिरव्या रंगाची, कांठाला नक्षी असलेली अर्धगोल पन्हळ होती. 'गुरुजी, सगळे हीच नेतात,' असें दुकानदार म्हणाला, आणि तेवढ्यावर मीं ती घेतली. तीस फूट लांबीच्या वळचणीला ती लावली आणि एका टोंकाला तीन इंची नळ जोडला. बसविणाऱ्यानें उतार दोरी न लावतां नुसत्या नजरेनें पाहिला, आणि मीं शेजारीं उभें राहून मान डोलाविली.

जूनचा पाऊस निभावला. जुलैंत झड लागली तेव्हां पन्हळ भरून सांडूं लागली. आणि तीही बाहेरच्या कांठावरून नव्हे, तर आंतल्या कांठावरून, म्हणजे भिंतीच्या अंगानें. मीं तें पाहिलें, आणि 'पाऊस उघडला म्हणजे बघूं' म्हणून सोडून दिलें. कोंकणांत जुलै महिन्यांत पाऊस उघडण्याची वाट पाहणाऱ्या माणसाला काय म्हणावें, तें आपणच ठरवा. पंधरा दिवस भिंत पाणी पीत होती. त्या भिंतीला लागून माजघरांत माझ्या आईची खाट असे. तिचें वय तेव्हां चौऱ्याऐंशी वर्षांचें होतें. एके दिवशीं संध्याकाळीं भिंतीचें सारवण फुगलेलें माझ्या पत्नीला दिसलें. तिनें हात लावून पाहिला, आणि मला न विचारतां आईची खाट ओटीवर हलविली. पहांटे ती भिंत बसली. खाटेच्या जागीं कमरेइतका मातीचा ढीग पडला होता.

सकाळीं तो ढीग पाहून आई एवढेंच म्हणाली, 'अरे, जन्मभर पोरांना गणितें घातलींस, आणि आपल्या घराचें गणित दुकानदाराला सोडवायला दिलेंस?' त्या प्रश्नाला मजजवळ उत्तर नव्हतें. हौद किती वेळांत भरेल आणि किती वेळांत रिकामा होईल, असलीं उदाहरणें मीं तीस वर्षें फळ्यावर सोडविलीं. परंतु माझ्या छपरावरून एका मिनिटांत किती पाणी येतें, तें एकदांही काढून पाहिलें नव्हतें. तें आज आपण मिळून काढूं.

हिशेब अगदीं सोपा आहे. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला म्हणजे एक लिटर पाणी झालें. छपराचें क्षेत्र मोजतांना कौलांवरून तिरकें मोजूं नये. पाख्याखालची जमीन वळचणीच्या कडेपर्यंत मोजावी. माझ्या मागील पाख्याखालीं तीस फूट लांब आणि पंधरा फूट रुंद, म्हणजे ४५० चौरस फूट जागा येते. तिचे सुमारें ४२ चौरस मीटर होतात.

आतां पाऊस किती धरावा? येथेंच लोक फसतात. रत्नागिरीस वर्षाकांठीं ३,००० मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो खरा. पण पन्हळीला वर्षाच्या पावसाशीं कांहीं कर्तव्य नाहीं. तिची परीक्षा होते ती वर्षांतल्या सर्वांत वाईट पाव तासांत. एकाच गांवांतसुद्धां पाऊस सारखा पडत नाहीं, याचें उदाहरण मुंबईचें घ्या. २६ जुलै २००५ रोजीं सुरू झालेल्या पावसांत सांताक्रूझ येथें चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला, आणि त्याच मुंबईंत कुलाब्यास अवघा ७३ मिलिमीटर. तेव्हां सरासरीवर विसंबूं नये. देशावर ज्यांचीं घरें आहेत त्यांनींही 'आमच्याकडे पाऊस थोडा' म्हणून निश्चिंत राहूं नये. तेथें पाऊस वर्षभरांत थोडा पडत असेल. परंतु वळवाची सर जेव्हां कोसळते तेव्हां ती कोंकणच्या सरीहून सौम्य असतेच असें नाहीं.

तासाला १०० मिलिमीटर या वेगाची सर आमच्या भागांत नवलाची नव्हे. ती पाव तास टिकली तर २५ मिलिमीटर पाऊस होतो. ४२ ला २५ नें गुणलें म्हणजे १,०५० लिटर आले. पंधरा मिनिटांत १,०५० लिटर, म्हणजे मिनिटाला ७० लिटर. पंधरा लिटरांची बादली धरली तर माझ्या त्या नक्षीदार पन्हळींत दर मिनिटाला जवळजवळ पांच बादल्या पाणी कोणी ओतीत होतें! चार इंची अर्धगोल पन्हळ सपाट बसविली असतां मिनिटाला ४५-५० लिटरांपलीकडे फारसें वाहून नेऊं शकत नाहीं. उरलेलें पाणी जावें कोठें? तें माझ्या भिंतींत गेलें.

म्हणून पहिला नियम असा कीं, पन्हळीचा आकार हिशेबानें ठरवावा. अर्धगोल पन्हळ चारऐवजीं सहा इंची घेतली तर रुंदी दीडपटच वाढते. पण तिची पोकळी सव्वादोनपट होते, आणि पाणी वाहून नेण्याची शक्ति सुमारें पावणेतीनपट होते. पत्रा मात्र दीडपटच लागतो. चौकोनी पन्हळींत तेवढ्याच रुंदींत याहून अधिक पाणी मावतें. अर्धगोल पन्हळीचा गुण निराळा आहे: तिच्यांत थोडें पाणीही मध्यभागीं एकवटून वाहतें, त्यामुळें गाळ कमी बसतो, आणि कोपरे नसल्यामुळें हात फिरवून ती साफ करतां येते. ज्यांच्या छपरावर आंब्याफणसाचीं पानें गळतात त्यांनीं अर्धगोलच घ्यावी.

दुसरा नियम नळाचा. पन्हळ मोठी आणि तिला जोडलेला नळ लहान, म्हणजे मोठ्या सभागृहाला एकच अरुंद दार ठेवण्यासारखें आहे. अभियंत्यांच्या कोष्टकांत, तासाला १०० मिलिमीटर पाऊस धरून, चार इंची नळाला सुमारें ४० चौरस मीटर आणि तीन इंची नळाला त्याच्या निम्मेंच छप्पर नेमून दिलेलें असतें. माझ्या ४२ चौरस मीटरांना तीन इंची एकच नळ होता. तेव्हां दुसरें काय होणार? शक्य तर पन्हळ मध्यावर किंचित् उंच ठेवून तिला दोन्ही टोंकांकडे उतार द्यावा व दोन्हीकडे नळ बसवावे. असें केलें म्हणजे प्रत्येक अंगाला निम्मेंच पाणी येतें, आणि एक नळ पाल्यानें तुंबला तरी दुसरा कांहीं भार उचलतो.

येथपर्यंत ऐकून कोणी घराच्या चारी वळचणींना पन्हळ लावण्यास निघाले असतील, तर त्यांना क्षणभर थांबवितों. सगळ्याच वळचणींना पन्हळ लागत नाहीं. आपल्या जुन्या घरांची वळचण दोन-अडीच फूट पुढें काढलेली असे, आणि पागोळी जेथें पडे तेथें चिऱ्यांचा उथळ चर बांधून पाणी दूर नेलें जाई. ज्यांच्याकडे अशी वळचण आणि असा चर शाबूत आहे त्यांनीं तो मोडूं नये. त्याला गंज नाहीं, सांधे नाहींत, आणि तो साफ करण्यास शिडीही लागत नाहीं. पन्हळ लावावी ती जेथें वळचण आंखूड आहे, जेथें खालीं दार किंवा वाट आहे, जेथें शेजाऱ्याची हद्द जवळ आहे, किंवा जेथें पाणी सांठवावयाचें आहे तेथें.

आतां पन्हळ कशाची घ्यावी? जस्ती पत्रा, ॲल्युमिनियम आणि पीव्हीसी हे तीन प्रकार आज सर्वत्र मिळतात. जस्ती पत्र्याची पन्हळ बळकट असते, आणि पत्र्याचें काम करणारा कारागीर हव्या त्या मापाची वळवून देतो. पत्र्यावरचा जस्ताचा थर स्वतः झिजून लोखंडाला वांचवितो. म्हणून जेथें पत्रा कापला, भोंक पाडलें किंवा खरचटला, तेथून गंज सुरू होतो, आणि समुद्राच्या खाऱ्या वाऱ्यांत जस्त लौकर संपतें. हा पत्रा चोवीस गेजाहून पातळ घेऊं नये. गेजचा आंकडा जसा वाढतो तसा पत्रा पातळ होतो, हें ध्यानांत ठेवावें. बसविण्यापूर्वीं आंतून-बाहेरून, विशेषतः कापलेल्या कडांना, रंग द्यावा. ॲल्युमिनियम लोखंडासारखें तांबेरत नाहीं. हवेनें त्याच्यावर एक बारीक कवच चढतें, तेंच त्याला राखतें. तें हलकें आहे, पण मऊही आहे. शिडी टेकली किंवा नारळ पडला कीं पोंचा येतो. त्याला साधे लोखंडी खिळे मारूं नयेत, कारण दोन निरनिराळे धातु ओल्या खाऱ्या हवेंत एकमेकांना लागले म्हणजे एक दुसऱ्याला खाऊं लागतो. ओला चुना किंवा सिमेंटही त्याला लागूं देऊं नये.

पीव्हीसीला गंज मुळींच नाहीं. किनाऱ्यालगतच्या घरांना हा मोठाच लाभ आहे. परंतु तें उष्णतेनें फार वाढतें. दहा मीटर लांबीची पीव्हीसीची पन्हळ तीस अंशांच्या फरकानें सुमारें दोन सेंटिमीटर लांबते-आंखडते; लोखंडाचा फरक तेवढ्याच लांबींत अर्ध्या सेंटिमीटरापेक्षांही कमी असतो. म्हणून पीव्हीसीच्या पन्हळीचे सगळे सांधे घट्ट चिकटवून टाकले तर ती वांकते किंवा सांध्यांत फाटते. सांध्यांत सरकण्यास जागा ठेवावी, आणि आधार दोन-दोन फुटांवर द्यावेत. नाहींतर उन्हानें मऊ होऊन मध्यें झोळ पडतो. घरांतील पाण्याचा साधा नळ उभा चिरून पन्हळ करण्याची युक्ति पुष्कळ ठिकाणीं दिसते. ती स्वस्त पडते, पण उन्हासाठीं न केलेला तो नळ कांहीं वर्षांत ठिसूळ होतो. उन्हांत टिकेल असाच प्रकार मागून घ्यावा. सारांश, किनाऱ्याजवळ पीव्हीसी किंवा ॲल्युमिनियम, आणि समुद्रापासून आंत रंगविलेला जस्ती पत्रा, असें स्थूलमानानें म्हणतां येईल.

उत्तम पन्हळही वाईट बसविली तर व्यर्थ आहे. दर दहा फुटांना अर्धा ते एक इंच उतार पुरे. तो नजरेनें न ठरवितां, गवंडी वापरतात त्या पाणी भरलेल्या पारदर्शक नळीनें दोन्ही टोंकें ताडून मग दोरी बांधून ठरवावा. कौलाची कड पन्हळीच्या रुंदीच्या सुमारें एक-तृतीयांश आंत यावी. कमी आली तर पाणी मागें भिंतीकडे गळतें, आणि फार आली तर जोराच्या सरीचें पाणी पन्हळ ओलांडून पलीकडे उडी घेतें. आणि एक गोष्ट विसरूंच नये: पन्हळीचा भिंतीकडील कांठ बाहेरच्या कांठाहून अर्धा इंच उंच ठेवावा. कितीही हिशेब केला तरी एखादी सर हिशेबाबाहेरची येणारच. त्या वेळीं पाणी सांडावें तें अंगणांत, भिंतींत नव्हे. ही एक गोष्ट मीं केली असती तर त्या लहान पन्हळीनेंही माझी भिंत वांचविली असती.

आतां राहिली तिसरी अट, सोडण्याची. नळ जोत्याच्या पायाशींच मोकळा सोडला तर सर्व पागोळ्यांचें पाणी आपण एका जागीं गोळा करून घराच्या पायांत ओतलें, असा त्याचा अर्थ होतो. तें पाणी बांधीव चरानें जोत्यापासून पांच-सहा फूट तरी दूर न्यावें. मात्र दूर म्हणजे शेजाऱ्याच्या परसांत नव्हे. पागोळीच्या पाण्यावरून दोन घरांत बोलणें बंद झालेलें मीं पाहिलें आहे. आणि भाऊ-भाऊ वांटणी करतात तेव्हां जमीन मोजून घेतात, पण छपराचें पाणी कोणाच्या वांट्याला पडणार तें विचारीत नाहींत. १८८२ सालच्या सुविधाधिकाराच्या कायद्याप्रमाणें वीस वर्षें उघडपणें, अखंड आणि हक्क म्हणून उपभोगलेल्या गोष्टीचा अधिकार निर्माण होऊं शकतो. म्हणून आज शेजारधर्मानें सोसलेली पागोळी उद्यां कज्जाचें मूळ होऊं शकते. नवी पन्हळ लावावयाच्या आधीं शेजाऱ्याला बोलावून, पाणी कोठें सोडणार तें दाखवावें. यांत कमीपणा नाहीं.

पाणी सोडण्याची उत्तम जागा पुष्कळदां आपल्याच आवारांत असते. ४२ चौरस मीटरांवर ३,००० मिलिमीटर पाऊस म्हणजे १,२६,००० लिटर. त्यांतलें पंचमांश वायां गेलें असें धरलें तरी एका पाख्यावरून एका पावसाळ्यांत लाखभर लिटर पाणी येतें. आणि त्याच घरची विहीर एप्रिलांत तळ दाखविते! पहिल्या एक-दोन सरींचें घाणेरडें पाणी सोडून देऊन पुढील पाणी टांकींत घ्यावें, किंवा खडी-वाळूच्या थरांतून गाळून विहिरीजवळच्या खड्ड्यांत जिरवावें. हा खड्डा भिंतीपासून मात्र चांगला दूर असावा.

शेवटीं निगा. मृग नक्षत्र लागण्यापूर्वीं एकदां आणि पावसाचा जोर ओसरल्यावर एकदां पन्हळ साफ करावी. झाडें जवळ असतील तर मध्यें आणखी एकदां. जाळी बसविली म्हणजे साफ करणें नको, असें समजूं नये. पानें जाळीवर चिकटून बसतात आणि पाणी त्यांच्यावरून सरळ खालीं जातें. पन्हळींत पाणी तुंबून राहिलें तर आठ-दहा दिवसांत त्यांत डेंग्यूचे डांस तयार होतात. जेथें शिडी लावून हात पोंचणार नाहीं अशी पन्हळ बसवूंच नये.

तेव्हां दुकानांत जाण्यापूर्वीं एका कागदावर चार गोष्टी लिहून न्याव्या: पाख्याखालच्या जमिनीचें माप, सर्वांत वाईट सरीचें मिनिटाला येणारें पाणी, नळ किती आणि कोठें, व तें पाणी शेवटीं जाणार कोठें. चौथ्या प्रश्नाचें उत्तर मिळाल्यावांचून पैसे देऊं नयेत. रंग कोणताही घ्यावा.

आम्हीं ती भिंत पुन्हां बांधली, आणि मागें सहा इंची जस्ती पन्हळ लावून दोन्ही टोंकांना चार-चार इंची नळ बसविले. आई त्यानंतर आणखी सहा पावसाळे त्याच भिंतीशीं झोपली. रात्रीं मोठी सर आली कीं मी कंदील घेऊन मागील दारीं जात असें. एकदां तिनें अंधारांतूनच विचारलें, 'काय रे, आलें का बरोबर?' मीं म्हटलें, 'आलें आई, भिंत कोरडी आहे.' 'मग नीज आतां,' असें म्हणून तिनें कूस बदलली.

श्रोतेहो, आपल्या घरचें हें गणित आपण मे महिन्यांतच सोडवावें; जुलैंत तें पाऊस सोडवितो.